अग्निपर्वतांचा अभ्यासक

इटलीच्या दक्षिण टोकाजवळ, सिसिली बेटाच्या उत्तरेस, समुद्रात सात लहान बेटांचा एक समूह आहे. ही सर्व बेटे ज्वालामुखींनीच घडविलेली आहेत. त्यांपैकी एकाचे नाव व्हल्कानो. या बेटावरील डोंगराच्या पोटात अग्निदेव व्हल्कन याची भट्टी आहे आणि तेथे तो देवांसाठी शस्त्रे घडवितो, अशी प्राचीन रोमन लोकांची समजूत होती. युरोपातील बहुतेक भाषांमध्ये ज्वालामुखीला जो शब्द आहे, तो याच बेटाच्या नावावरून आलेला आहे.

एकोणिसाव्या शतकात या बेटावर गंधक आणि तुरटी गोळा करण्याचा उद्योग चाले. डोंगराच्या मुखातून वाफा येत. पण त्यांची कोणाला भीती वाटत नसे. ३ ऑगस्ट १८८८ रोजी मात्र डोंगराने एकाएकी रूप पालटले. तोफेचा बार व्हावा तसा आवाज होऊन त्याच्या मुखातून काळसर राखेचा प्रचंड लोट उसळला आणि त्याबरोबर तापलेले धोंडे आकाशात फेकले गेले. मग थोडा वेळ शांतता, आणि पुन्हा स्फोट. असे हे थैमान थांबत थांबत २२ मार्च १८९० पर्यंत चालले. बेटावरील उद्योग बंद पडला.

ज्या वेळी लोक व्हल्कानोकडे पाठ फिरवीत होते, त्या वेळी एक मध्यमवयीन शिक्षक होडीत बसून त्या बेटाकडे निघाले होते. सरकारने नेमलेल्या शास्त्रज्ञांच्या समितीत त्यांचा समावेश होता. त्यांचे नाव जुझेप्पे मर्काली.

मर्काली यांचा जन्म २१ मे १८५० रोजी मिलान शहरी झाला. मिलान त्या वेळी ऑस्ट्रियाच्या अमलाखाली होते. स्वतंत्र आणि एकसंध इटलीचे राज्य स्थापन झाले ते १८६१ साली. मर्काली यांनी धर्मोपदेशक होण्याचे शिक्षण घेतले आणि १८७२ साली त्यांना पाद्रीपदाची दीक्षा मिळाली. परंतु त्यांचे मन धर्मग्रंथांइतकेच सृष्टीच्या ग्रंथातही रमत होते. सुदैवाने त्यांना गुरूही तसेच लाभले. आंतोनियो स्तोप्पानी हे स्वतः पाद्री असून नामांकित भूशास्त्रज्ञ होते. शिष्यांना घेऊन डोंगरदऱ्या तुडविणारे, खडकांचा इतिहास सामान्य लोकांना समजेल अशा भाषेत लिहिणारे ते गृहस्थ होते. त्यांच्या हाताखाली मर्काली प्रथम उत्तर इटलीतील प्राचीन हिमनद्यांनी मागे ठेवलेल्या दगडगोट्यांचा अभ्यास करू लागले. ज्याने पुढे आयुष्यभर अग्नीचा अभ्यास केला, त्याने प्रारंभ बर्फापासून केला, ही गोष्ट मोठी गमतीची आहे.

पुढे मर्काली मिलानच्या धर्मविद्यालयात निसर्गविज्ञान शिकवू लागले. १८८३ साली इटलीतील ज्वालामुखी आणि भूकंप यांवरचा त्यांचा मोठा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी २८ जुलै रोजी नेपल्सजवळच्या इस्किया बेटावर भूकंप होऊन कासामिच्चोला हे गाव जमीनदोस्त झाले. दोन हजारांहून अधिक माणसे दगावली. मर्काली यांनी त्या भूकंपाची बारकाईने पाहणी केली. कोणत्या गल्लीतील घरे पडली, कोणत्या आळीतील उभी राहिली, भिंतींना भेगा कोणत्या दिशेने गेल्या, हे सारे ते टिपून घेत. ऐकीव माहितीवर विसंबायचे नाही, शक्य तेथे स्वतः जायचे आणि पाहिलेले जसेच्या तसे लिहायचे, ही शिस्त त्यांनी शेवटपर्यंत पाळली.

मर्काली उदार मतांचे होते आणि आपली मते लपविण्याचा त्यांचा स्वभाव नव्हता. त्यामुळे धर्मविद्यालयातील वरिष्ठांशी त्यांचे पटले नाही व ती नोकरी त्यांना सोडावी लागली. पुढे ते सरकारी शाळांत शिकवू लागले. इटलीच्या दक्षिण टोकावरील रेज्जो येथे आणि १८९२ पासून नेपल्समधील एका प्रसिद्ध विद्यालयात. मिलानच्या माणसाला एवढ्या दूर जावे लागणे ही एक प्रकारची शिक्षाच होती. पण त्यातून शास्त्राचा लाभ झाला. उत्तर इटलीत ज्वालामुखी नाहीत. दक्षिणेत मात्र एटना, व्हल्कानो, स्ट्राँबोली आणि व्हेसुव्हियस हे चारही त्यांच्या आवाक्यात आले.

आता व्हल्कानोच्या त्या उद्रेकाकडे वळू. तेथे मर्काली यांनी काय पाहिले? पहिली गोष्ट अशी, की इतका मोठा उद्रेक होऊनही डोंगरावरून लाव्हारसाचा एकही ओघळ वाहिला नाही. दुसरी गोष्ट, दोन स्फोटांच्या दरम्यान डोंगराचे मुख जणू बुचाने बंद झालेले असे. तिसरी गोष्ट त्या धोंड्यांची. त्यांच्या पृष्ठभागावर भट्टीतून काढलेल्या पावासारख्या भेगा पडलेल्या होत्या. धोंडा हवेत फेकला जाताच त्याचे कवच थंड होऊन कडक होई. आतला भाग मात्र मऊच असे. त्यातील वायू फुगले की कवच तडकत असे.

व्हल्कानोपासून काही अंतरावर, त्याच समुद्रात स्ट्राँबोली आहे. या डोंगराचा रिवाज अगदी निराळा. दर दहा-वीस मिनिटांनी तो लालभडक लाव्ह्याचे तुषार उडवितो आणि पुन्हा स्वस्थ बसतो. त्याचे हे काम दोन हजार वर्षांपासून चालू असल्याचे जुन्या लेखांवरून दिसते. रात्री त्याचा लाल उजेड दुरून दिसे, म्हणून खलाशी त्याला भूमध्य समुद्रातील दीपस्तंभ म्हणत.

एकाच समुद्रात असलेले, एकमेकांचे शेजारी असे हे दोन डोंगर. मग त्यांच्या स्वभावात एवढे अंतर का? याचे उत्तर समजण्यास स्वयंपाकघरातील एक दृश्य पुरेसे आहे. चुलीवर पाणी उकळू लागले की त्यातील बुडबुडे सहज वर येतात आणि फुटतात. भांड्याबाहेर फारसे काही उडत नाही. पण पिठले शिजत असताना जवळ उभे राहून पाहावे. ते दाट असल्यामुळे वाफ वर येण्यास वाट मिळत नाही. ती आत कोंडते आणि मग एकदम उसळून पिठल्याचा चटका देणारा शिंतोडा हातावर येतो. वर साय धरली असेल तर तो अधिकच जोराने उडतो. पृथ्वीच्या पोटातील शिलारसाचेही असेच आहे. त्यात पाण्याची वाफ आणि इतर वायू विरघळलेले असतात. रस वर येऊ लागला की दाब कमी होतो व वायूंचे बुडबुडे होतात. रस पातळ असेल तर ते सुखाने निसटतात. रस दाट असेल तर ते कोंडून राहतात. रसात सिलिका नावाचे द्रव्य जितके अधिक, तितका तो दाट होतो. स्ट्राँबोलीचा रस त्या मानाने पातळ. म्हणून तो थोडे थोडे पण सतत उडवितो. व्हल्कानोचा रस दाट. त्यामुळे त्याच्या मुखाशी घट्ट बूच बसते, आणि आतला दाब असह्य झाला की बुचाच्या ठिकऱ्या होऊन उडतात.

मर्काली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या दुसऱ्या प्रकारच्या उद्रेकाला व्हल्कानी उद्रेक असे नाव दिले. स्ट्राँबोलीसारख्या उद्रेकाला स्ट्राँबोली प्रकार हे नाव रूढ झाले. केवळ नावे दिल्याने काय साधले, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर पुढे घडलेल्या घटनांनीच दिले, आणि ते फार कठोर होते.

वेस्ट इंडीज बेटांपैकी मार्टिनिक हे बेट फ्रान्सच्या ताब्यात होते. तेथे पेले पर्वताच्या पायथ्याशी सेंट पिएर नावाचे सुंदर शहर वसलेले होते. १९०२ सालच्या एप्रिलमध्ये पेले पर्वत धुमसू लागला. शहरावर राख पडू लागली. लोक घाबरले, पण तेथील अधिकाऱ्यांनी नेमलेल्या समितीने पर्वताची मुखे आणि दऱ्या यांचा विचार करून शहराला धोका नाही असा निर्वाळा दिला. दरीच्या वाटेने वाहणारा प्रवाह त्यांच्या डोळ्यांसमोर होता. ८ मे रोजी सकाळी आठच्या सुमारास पर्वताच्या कुशीतून राख, वायू आणि तापलेले दगड यांचा एक काळा मेघ सुटला. तो वर न जाता जमिनीलगत धावत खाली आला. वादळापेक्षाही अधिक वेगाने येणाऱ्या त्या जळत्या मेघाला दरी अडवू शकली नाही. काही मिनिटांत सुमारे अठ्ठावीस हजार माणसे मृत्यू पावली. शहरातून जे वाचले, त्यांची गणना एका हाताच्या बोटांवर करता येईल.

फ्रान्समधील शास्त्रज्ञ आल्फ्रेद लाक्र्वा हे मार्टिनिकला गेले आणि त्यांनी या जळत्या मेघांचा सखोल अभ्यास केला. हा उद्रेक स्ट्राँबोली प्रकारात बसत नव्हता, की व्हल्कानी प्रकारातही बसत नव्हता. त्याला पेलेई प्रकार हे नाव मिळाले. इकडे मर्काली यांनी १९०७ साली जगातील सर्व जागृत ज्वालामुखींवर एक मोठा ग्रंथ प्रसिद्ध करून त्यांच्या उद्रेकांची प्रकारवार मांडणी केली. १९०८ साली लाक्र्वा यांनी चार प्रकार सांगितले : हवाईयन, स्ट्राँबोली, व्हल्कानी आणि पेलेई. हवाई बेटांवरील रस फारच पातळ असतो. त्याची कारंजी उडतात आणि मैलोगणती वाहणाऱ्या लाल नद्या होतात. आपल्या सह्याद्रीचा काळा पाषाणही अशाच पातळ रसापासून झाला आहे. मात्र तो एखाद्या शंकूच्या मुखातून न येता, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीला पडलेल्या लांबच लांब भेगांतून वाहिला आणि थरावर थर साचत गेला. घाटातून जाताना कड्यांवर ज्या पायऱ्यांसारख्या आडव्या रेषा दिसतात, त्या या थरांच्याच होत.

याखेरीज आणखी एक प्रकार आहे, आणि त्याला ज्याचे नाव आहे तो शास्त्रज्ञ नव्हता. इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या उद्रेकात पाँपेई आणि हर्क्युलेनियम ही नगरे गडप झाली. त्या वेळी सतरा वर्षांचा असलेला रोमन तरुण प्लिनी याने तो उद्रेक आखाताच्या पलीकडून पाहिला. माथ्यावर फांद्यांची छत्री पसरलेल्या उंच झाडासारखा तो राखेचा स्तंभ त्याला दिसला. त्याचे मामा जहाजे घेऊन लोकांच्या मदतीला गेले आणि परत आले नाहीत. पुष्कळ वर्षांनी प्लिनीने हे सर्व टॅसिटस या इतिहासकाराला दोन पत्रांतून कळविले. आकाशात अनेक मैल उंच जाणाऱ्या, तासन्‌तास टिकणाऱ्या अशा भयंकर उद्रेकांना आज प्लिनीचेच नाव दिले जाते.

नेपल्समध्ये असताना मर्काली यांच्या खिडकीतून दिसणारा पर्वत तो हाच व्हेसुव्हियस. शाळेचे काम सांभाळून ते वारंवार पर्वतावर चढत आणि तेथील वार्ता नियमाने प्रसिद्ध करीत. धूर किती, कोणत्या रंगाचा, आवाज किती वेळाने, लाव्हा कोठून निघाला, अशा नोंदी वर्षानुवर्षे चालल्या. अशा नोंदी करणे हे कंटाळवाणे काम आहे. त्यात कीर्ती नाही. पण त्यांवरूनच मर्काली यांच्या ध्यानात एक महत्त्वाची गोष्ट आली. उद्रेकांचे प्रकार पाडता येतात, पण पर्वत काही एकाच प्रकाराला बांधलेला नसतो. व्हेसुव्हियस कित्येक महिने स्ट्राँबोलीप्रमाणे सौम्यपणे तुषार उडवीत राही, आणि मग एखादे दिवशी व्हल्कानोचे रूप घेई.

याचा प्रत्यय १९०६ च्या एप्रिलमध्ये आला. ४ एप्रिलला लाव्हा वाहू लागला आणि ७ व ८ तारखेच्या दरम्यान पर्वताचा माथाच उडाला. दक्षिणेकडे बोस्कोत्रेकाझे गावात लाव्ह्याचा प्रवाह शिरला आणि घरे गिळीत चालला. तो दृश्यतः अति भयानक होता. परंतु त्याची चाल मंद असल्याने लोकांना निघून जाण्यास वेळ मिळाला. ईशान्येकडे मात्र लाव्हा नव्हता. तेथे फक्त राख आणि खडे पडत होते. सान जुझेप्पे गावातील माणसे प्रार्थनेसाठी प्रार्थनामंदिरात जमली. छपरावर राखेचा थर चढत गेला आणि त्या भाराने छप्पर कोसळले. शंभराहून अधिक लोक तेथेच गाडले गेले. जेथे अग्नी दिसत होता तेथील बहुतेक माणसे वाचली, आणि जेथे नुसती धूळ पडत होती तेथे माणसे मेली.

त्या दिवसांतील आणखी एक हकीकत आहे. पर्वताच्या पायथ्याशी तोर्रे देल ग्रेको गावात एक रुग्णालय होते. नेपल्सचा एक तरुण डॉक्टर तेथे धावत गेला आणि वृद्ध, पांगळ्या रुग्णांना त्याने बाहेर काढविले. शेवटचा रुग्ण बाहेर पडल्यावर थोड्याच वेळात राखेच्या भाराने त्या इमारतीचे छप्पर खाली आले. या डॉक्टराचे नाव जुझेप्पे मोस्काती. शाळेत असताना तो मर्काली यांचा विद्यार्थी होता. (मर्काली यांचे विद्यार्थी नाना क्षेत्रांत नावारूपाला आले. मिलानमध्ये त्यांच्यापाशी शिकलेला आकिल्ले रात्ती हा पुढे १९२२ साली अकरावा पायस या नावाने पोप झाला.)

सामान्य लोकांना मर्काली यांचे नाव माहीत आहे ते भूकंपामुळे. १९०२ साली त्यांनी भूकंपाची तीव्रता मोजण्याचा दहा अंशांचा मापक्रम सिद्ध केला. त्याला यंत्र लागत नाही. टांगलेले दिवे हलले का, झोपलेले लोक जागे झाले का, भिंती तडकल्या की पडल्या, यांवरून प्रत्येक गावाची तीव्रता ठरवायची. पुढे इतर शास्त्रज्ञांनी त्यात सुधारणा करून त्याचे बारा अंश केले. ११ डिसेंबर १९६७ रोजी कोयनानगरला आणि ३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारीला भूकंप झाला, तेव्हा शास्त्रज्ञांनी गावोगाव हिंडून जे तीव्रतेचे नकाशे तयार केले, ते याच पद्धतीचे होत.

व्हेसुव्हियसच्या उतारावर सुमारे सहाशे मीटर उंचीवर १८४१ साली स्थापन झालेली एक वेधशाळा आहे. केवळ ज्वालामुखीच्या अभ्यासासाठी बांधलेली ती जगातील पहिली वेधशाळा. १९११ साली मर्काली तिचे संचालक झाले. वयाची साठी उलटल्यावर त्यांना ही जागा मिळाली. तोवर त्यांचे आयुष्य मुलांना शिकविण्यातच गेले होते. व्हेसुव्हियस १९०६ नंतर शांत होता. त्याच्या खोल मुखात उतरून पाहण्याचे धाडस त्यांचे सहकारी आलेस्सांद्रो माल्लाद्रा यांनी केले. १९१३ साली मुखाच्या तळाशी पुन्हा लाव्हा दिसू लागला. पर्वताचे नवे पर्व सुरू होत होते, आणि ते पाहण्यास मर्काली यांच्याइतका योग्य माणूस दुसरा नव्हता.

परंतु तसे व्हावयाचे नव्हते. १९ मार्च १९१४ रोजी नेपल्समधील राहत्या घरी, खोलीला आग लागून मर्काली यांचा अंत झाला. ज्वालामुखीच्या मुखाशी अनेकदा उभे राहिलेल्या या माणसाला मृत्यू आला तो घरातील आगीत. त्यांनी ज्या पर्वावर लक्ष ठेवले होते, ते १९४४ च्या मार्चमधील उद्रेकाने संपले. त्यानंतर व्हेसुव्हियस शांत आहे.

व्हल्कानोचाही १८९० नंतर उद्रेक झालेला नाही. पण जपानमधील साकुराजिमा पर्वत दणका देऊन राखेचा लोट सोडतो, तेव्हा तेथील शास्त्रज्ञ त्याची नोंद व्हल्कानी उद्रेक म्हणून करतात. भारताचा जागृत ज्वालामुखी अंदमान समुद्रातील बॅरन बेटावर आहे. तो १९९१ साली दीर्घ काळाच्या स्वस्थतेनंतर जागा झाला, आणि त्याच्या तुषारांची नोंद झाली ती स्ट्राँबोली प्रकारात.